धने गप्प होतात तेव्हा

पोहरादेवीला जाणाऱ्या गाड्या अनसिंगवरून जायला लागल्या की आमचा हंगाम सुरू होतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ताणलेली ताडपत्री, तिच्याखाली दाटीनं बसलेल्या बाया, मांडीवर पेंगणारी लेकरं, मागच्या फळीला बांधलेली पाण्याची कॅन. अण्णा, म्हणजे माझे वडील, ओट्यावरूनच हाक द्यायचे, “गाड्या निघाल्या, कढई काढा.” आमच्या घरात येसरच्या हंगामासाठी कुणी कॅलेंडर पाहिलं नाही. यात्रा झाली की लग्नं, लग्नं आली की पंगती, आणि पंगतीची आमटी येसरशिवाय उभी राहत नाही.

यंदाही गाड्या निघाल्या. मी शेडच्या दारात उभा राहून पाहत होतो. आत भाजणीचं मशीन फिरत होतं. त्याचा आवाज असा आहे की शेजारी उभ्या माणसालाही ओरडून सांगावं लागतं. चार वर्षं झाली, आम्ही सगळे ओरडूनच बोलतो. घरी जेवतानाही माझा आवाज चढलेला असतो, आणि बायको म्हणते, मी इथंच आहे. या आवाजाबद्दलच लिहायचं आहे मला. बरीच वर्षं कुणाजवळ बोललो नाही.

येसर म्हणजे भाजलेली ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ, त्यात धने, खोबरं, मिरची, लवंग, दगडफूल असा सगळा मसाला, तोही भाजलेला, आणि सगळं एकत्र दळून केलेली गडद पूड. रंग चहाच्या पत्तीच्या जवळ जाणारा. उकळत्या पाण्यात दोन मुठी टाकल्या की पाण्याला अंग येतं. शंभराच्या पंगतीत दोनशे माणसं आली तरी आमटी पुरते. आमच्याकडच्या किती यजमानांची अब्रू या पुडीनं राखली असेल, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

आमच्या आजोबांचं साधं किराणा दुकान होतं. येसर त्या दुकानात नव्हती. ती आली मोठ्या मायबरोबर. मोठी माय म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको. लग्न होऊन आली त्याच वर्षी शेजारच्या गावात एका लग्नात आमटी पातळ झाली, आचारी हात वर करून बसला, आणि नव्या सुनेनं माहेराहून आणलेला आपला डबा मागवला. दुसऱ्या दिवशी दुकानात तीन माणसं आली, आणि तिघांनाही किराणा नको होता. एवढाच आमच्या धंद्याचा जन्म. काका लवकर गेले. मोठी माय आणि अण्णा, वहिनी आणि दीर, दोघांनी मिळून तो धंदा वाढवला. पाटीवर नाव मात्र आजोबांचं लागलं. मोठ्या मायनं त्याबद्दल कधी तोंड उघडलं नाही. आणि आम्ही कुणी तिला विचारलंही नाही.

तिचं काम एकच होतं. कढईशेजारी पाटावर बसायचं, तोंड दाराकडे. उलथणं कांताबाईच्या हातात. कांताबाई आमच्याकडे माझ्या लग्नाच्याही आधीपासून आहे. ती हलवत राहायची, मोठी माय शेडमधल्या गिरणीत दळायला आलेल्या बायांशी गप्पा मारत राहायची, आणि मधेच, वाक्य अर्धं सोडून, म्हणायची, “उतरव.” कढईकडे न पाहता. कांताबाईनं तो शब्द ऐकून कढई उतरवायला जराही उशीर केला तर त्या घाण्याचे धने दळायला जात नसत, मागच्या कडुनिंबाखाली पसरून दिले जात. तिचं नाक. पोतं उघडायच्या आधी ती सांगायची की धने ओले आहेत, परत पाठवा. बाया म्हणायच्या, मोठ्या मायचं नाक अनसिंगच्या ठाण्यात नेऊन ठेवा, चोऱ्या बंद होतील. ती म्हणायची, “तुमच्या घरातल्या पहिल्या धरीन.”

आणि एक रीत होती. हंगामाचा पहिला घाणा दळून झाला की कांताबाई चिमूटभर पूड मोठ्या मायच्या तळहातावर ठेवायची. शेडमधलं सगळं थांबायचं. ती हात नाकाशी न्यायची, मग कपाळाला लावायची, आणि म्हणायची, “झालं.” मग गूळ वाटला जायचा. त्या ‘झालं’शिवाय एकही पुडी बाहेर जात नसे. हे अण्णांनी ठरवलं नव्हतं, मोठ्या मायनंही नाही. ते आपोआप ठरत गेलं होतं.

मग ते आजाराचं वर्ष आलं, ज्या वर्षी गाड्याही निघाल्या नाहीत आणि पंगतीही उठल्या नाहीत. मोठ्या मायला पाच-सहा दिवस ताप आला आणि उतरला. घरात तिच्याहून जास्त आजारी माणसं होती. तिला जेवण जातं का, चालवतं का, एवढं आम्ही विचारलं. वास येतो का, हे कुणी विचारलं नाही. ज्या बाईच्या नाकावर आमचं घर उभं होतं, तिला.

पुढचा हंगाम नेहमीसारखा झाला. फक्त दोन गोष्टी बदलल्या. मोठ्या मायनं आपला पाट कढईच्या अगदी जवळ ओढून घेतला, आणि शेडमध्ये मोबाईलवरची गाणी बंद करायला लावली. कढई चढल्यावर कुणी बोलायचं नाही. बाया कुरकुरल्या. आम्ही म्हणालो, म्हातारी चिडखोर झाली. वय झालं की होतंच. असं म्हणून विषय संपवणं किती सोपं असतं.

त्या हिवाळ्यात एका दुपारी मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो. गॅसवर दूध होतं, आणि पातेल्याचं बूड जळून काळं होत आलं होतं. मला तो वास अंगणातच आला होता. मोठी माय गॅसपासून दोन हातांवर बसून मेथी निवडत होती. निवांत. मी गॅस बंद केला. तिनं वर पाहिलं, पातेलं पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, डोळा लागला होता. तिच्या हातात निम्मी निवडलेली जुडी होती.

मला सगळं कळलं. आणि मी म्हणालो, होते असं, मोठी माय.

इथपर्यंत माझं काही चुकलं नव्हतं. चुकलं ते यानंतर. मी ते कुणाला सांगितलं नाही, आणि ते तिची लाज राखावी म्हणून नव्हतं. मी ते ठेवून दिलं, कधी कामाला येईल म्हणून.

त्या वेळी अकोल्याचा एक व्यापारी आमचा माल मोठ्या प्रमाणात उचलायला तयार होता, पण त्याला दर वेळी तोच रंग, तोच बारीकपणा हवा होता, आणि हंगामात अडीच-तीनपट माल. मशीनशिवाय ते शक्य नव्हतं. मी अण्णांपाशी वर्षभर विषय काढत होतो. अण्णांचं उत्तर ठरलेलं. वहिनीचं नाक आहे तोवर मशीन नाही. ते असं म्हणायचे जणू विहिरीला पाणी आहे तोवर नळ कशाला. मी तेव्हा पंचेचाळिशीत होतो आणि घरात अजून ‘धाकला’ होतो. हे कारण म्हणून सांगत नाही. जे होतं ते सांगतो आहे.

चैत्रात कढई निघाली. पहिला घाणा मोठ्या मायनंच भाजून घेतला, दळून झाला. गूळ फोडून परातीत ठेवला होता. अण्णा खुर्चीवर बसले होते. मी कांताबाईला म्हणालो, यंदा मी देतो. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट बरंच वाटलं असावं, की घरचा मुलगा मान देतो आहे. माझ्या खिशात कागदाची पुडी होती. तिच्यात चहाचा चोथा होता, वाळवून बारीक केलेला. मी तो दोन दिवस आधी स्वतःच्या हातानं गच्चीवर वाळवला होता. रागाच्या भरात झालं असतं तर वेगळं होतं. चोथा वाळायला दोन दिवस लागतात.

मी चिमूट तिच्या तळहातावर ठेवली. तिनं हात नाकाशी नेला. डोळे मिटले. कपाळाला लावला. म्हणाली, “झालं. गूळ वाटा.”

मी म्हणालो, “मोठी माय, ती चहाची पत्ती होय.”

शेडमध्ये पंधरा-सोळा बाया होत्या. कांताबाईनं परात हातात घेतली होती, ती तशीच. मोठ्या मायनं तळहाताकडे पाहिलं. मग माझ्याकडे नाही पाहिलं, अण्णांकडेही नाही. तिनं ती चिमूट जिभेवर ठेवली, जराशी चघळली, आणि म्हणाली, “साखर लई टाकता तुमी चहात.”

एकदोन बाया हसल्या. हसून त्यांनाच कसंतरी झालं. मोठी माय पाटावरून उठली, लुगडं झटकलं, आणि घरात गेली. तिचा पाट कढईशेजारी तसाच राहिला.

अण्णा माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं. संध्याकाळी ओट्यावर बसले असताना फक्त एवढं म्हणाले, “आण मशीन.” आणि थोड्या वेळानं, माझ्याशी नाही, समोरच्या रस्त्याशी बोलल्यासारखं, “वैनीनं मले काहून नाही सांगतलं?”

चार दिवसांनी मोठी माय लेकीकडे, कामरगावला, सुनंदाताईकडे गेली. जाताना एक पिशवी आणि कढईचं जुनं लाकडी उलथणं तेवढं घेतलं. जीपमध्ये बसवायला मी गेलो होतो. तिनं माझ्या बायकोला सांगितलं की खोबरं यंदा जिभेला कडवट लागतं, नीट पाहून घ्या. मग जीप निघाली. गावात आम्ही सांगितलं, मोठ्या मायला आता आराम हवा होता. लोक म्हणाले, बरं केलं.

मशीन आलं. ते बसवणारा माणूस गेला त्या दिवशी कांताबाई माझ्यापाशी आली. ती माझ्याशी कधी फार बोलत नाही, आणि बोलली तर सरळ बोलते.

“सुदाभाऊ, मागचा पुरा हंगाम मोठ्या मायनं कानानं भाजला,” ती म्हणाली. “कोण्या गिऱ्हाइकानं काही म्हटलं का?”

मला आधी कळलंच नाही. मग तिनं सांगितलं. धने कढईत पडले की जड सरसर होते, ओल्या वाळूसारखी. तापले की खुळखुळतात. मग बारीक तडतड सुरू होते, आणि मग एक घडी येते की धने गप्प होतात. एकदम. त्या गप्प होण्यात आणि करपण्यात दोन श्वासांचं अंतर असतं. तेवढ्यात उतरवायचं. तिळाचं वेगळं, खसखशीचं वेगळं, दगडफूल वाळल्या पाल्यासारखं वाजतं. वास गेल्यावर मोठी माय पंधरा दिवस शेडचं दार लावून मूठ-मूठ धने भाजत होती, कांताबाईला समोर बसवून. कांताबाईनं वास घ्यायचा आणि मान हलवायची, मोठ्या मायनं त्या वेळचा आवाज कानात ठेवायचा. सत्तरीच्या पुढच्या बाईनं पन्नास वर्षांचं नाक असं कानात उतरवून घेतलं होतं. म्हणून पाट जवळ ओढला होता. म्हणून गाणी बंद होती. जाताना ती म्हणाली, अण्णांना तुमीच सांगा.

मी मागच्या हंगामाचा माल आठवला. एकही डबा परत आला नव्हता. उलट वाशिमचा एक आचारी म्हणाला होता की यंदा तुमची येसर फार एकसारखी आहे. मी ते अण्णांना मोठ्या ऐटीत सांगितलंही होतं.

आणि त्या चैत्रातला तो पहिला घाणा, ज्याच्या जागी मी चोथा ठेवला, तो मी मग डब्यातून काढून हुंगला. चोख होता.

आता खरी गोष्ट. हे सगळं मला मशीन आलं त्या आठवड्यातच कळलं होतं. अण्णा त्यानंतर दीड वर्ष जगले. रोज संध्याकाळी आम्ही ओट्यावर शेजारी बसत होतो. मोठ्या मायनं आपल्याला फसवलं, अंदाजानं माल काढला आणि आपल्याला पत्ता लागू दिला नाही, हे त्यांच्या मनात घर करून बसलं होतं. ते तिच्याबद्दल वाईट बोलले नाहीत, पण तिचं नावही घेईनासे झाले. कामरगाव काही लांब नाही, ते एकदाही गेले नाहीत. एक वाक्य सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसमध्ये बसले असते. ते वाक्य माझ्या तोंडात होतं. सांगितलं असतं तर आधीचंही सांगावं लागलं असतं, दुधाचं, मी गप्प राहिल्याचं, गच्चीवरच्या चोथ्याचं. आणि मशीन परत गेलं असतं. मी आज-उद्या करत राहिलो, आणि अण्णा गेले. मोठी माय दहाव्याला आली होती. पिंडाजवळ बराच वेळ उभी राहिली, आणि त्याच दिवशी परत गेली.

यात अजून एक भर आहे. अकोल्याच्या व्यापाऱ्यानं सुचवलं की आजोबांच्या नावापेक्षा घरगुती नाव चांगलं चालेल. माझ्या मोबाईलमध्ये मोठ्या मायचा एक जुना फोटो होता, पहिल्या घाण्याचा, तळहात नाकाशी, डोळे मिटलेले. तो पाकिटावर गेला. नाव ‘मोठी माय येसर’. खाली ‘हातभाजणी’. घरातून काढून दिलेली बाई मी पाकिटावर आणली. आणि पाकिटं खपली, आजही खपतात.

मागच्या उन्हाळ्यात मी कामरगावला गेलो. ठरवून गेलो होतो की सांगायचं. स्टँडजवळच्या दुकानात आमच्या पाकिटांची माळ टांगलेली होती. ती चुकवून मी मान खाली घालून गेलो, जणू तिनं डोळे उघडले असते. मोठी माय ओसरीत बसली होती, वाळलेली, पण आवाज तोच. सुनंदाताईनं चहा केला. तो चहा मी कसा प्यालो ते मलाच माहीत.

इकडचं तिकडचं झालं. मग मोठी मायच म्हणाली की दुकानात फोटो पाहिला. “बरा आला. त्या फोटोत मले वास येऊन राह्यला होता.”

मी सांगायला सुरुवात केली. कांताबाईनं काय सांगितलं, कधी सांगितलं. दुधापासून सगळं. ती ऐकत होती, उलथण्याची दांडी हातात घेऊन. ते उलथणं तिच्याजवळच भिंतीला टेकलेलं असायचं, सुनंदाताई म्हणते, त्यानं ती मांजर हाकलायची. माझं संपल्यावर तिनं मान हलवली. म्हणाली, तुला माहीत आहे हे मला माहीत होतं. कांता तिला भेटायला यायची, तिनंच सांगितलं होतं.

“मशीनचं काही नाही रे सुदा. कवा ना कवा येनारच होतं,” ती म्हणाली. “पन माह्या देराले काहून नाही सांगतलं? तो माह्यावर रुसून गेला.”

तिनं वाट पाहिली, खरंच वाट पाहिली, मला वाटतं तिला वाटलं असावं की काहीतरी असेल याच्याकडे. मग तिनं सुनंदाताईला हाक मारून माझ्यासाठी भाकरी टाकायला सांगितली. निघताना मी पाया पडलो तेव्हा डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “मले सांगून काय होते? मले तं मालूम होतं. ज्याहिले मालूम नाही त्याहिले सांगजो.”

पौषात ती गेली. सुनंदाताईनं उलथणं माझ्याकडे पाठवलं. निरोप काही नव्हता.

यंदा गाड्या निघाल्या तेव्हा मी मशीन बंद केलं. शेडमध्ये एकदम एवढी शांतता झाली की बाया दचकून वर पाहायला लागल्या, कुणाचा हात अडकला की काय. मी माळ्यावरची कढई काढायला लावली. चूल पेटवली. कांताबाईच्या हातात उलथणं दिलं, तर तिनं ते माझ्याच हातात परत दिलं. म्हणाली, तुमीच हलवा.

धने तापेपर्यंत मी सांगितलं. जेवढ्या आवाजात इथं लिहिलं आहे तेवढ्याच आवाजात, कारण ओरडायची गरज नव्हती. चहाचा चोथा त्यांच्यातल्या निम्म्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. कानाचं मात्र कांताबाई सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. सगळ्यांना चार वर्षं वाटत होतं की मोठ्या मायनं म्हातारपणी लबाडी केली. एकीनं पदर तोंडाशी नेला. कुणी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग मी गप्प झालो आणि ऐकू लागलो. सरसर ऐकू आली. खुळखुळ ऐकू आली. तडतड सुरू झाली. आणि मग, जसं सांगितलं होतं तसं, धने गप्प झाले. मला ते ऐकू आलं. आणि त्या क्षणी, तिथं बसलेल्या सगळ्यांसारखीच माझी मान वळली, जिथं पाट असायचा तिकडे, कुणीतरी ‘उतरव’ म्हणेल म्हणून.

दोन श्वास गेले.

तरी आम्ही तो घाणा दळला. कांताबाईनं चिमूट उचलून माझ्या तळहातावर ठेवली. माझं नाक शाबूत आहे. करपल्याचा वास स्पष्ट होता, सगळ्यांनाच येत होता. बाहेर ऊन तापलं होतं, रस्त्यावरून एक ट्रॉली गेली, तिच्यातल्या बाया गात होत्या. कांताबाईनं परातीतला गूळ आधीच वाटून टाकला होता. बाया तो हातात धरून माझ्याकडे पाहत थांबल्या होत्या, मी ‘झालं’ म्हणेन म्हणून. त्यांच्या बोटांतून तो पाघळायला लागला होता.